सूत्र पाठ, वायू परका

पेट्रोल लिटरनं मिळतं, सीएनजी किलोनं. भायखळा-माझगाव पट्ट्यात पंपाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला हे ठाऊक असतं, कारण त्याच्या पावतीवर किलोच छापून येतात. पण किलो का, लिटर का नाही, हा प्रश्न बारावी सायन्सच्या वर्गात टाकून पाहावा. बहुतेक वर्ग गप्प होतो. त्याच वर्गाला आदर्श वायूचं समीकरण विचारलं, तर ‘पीव्ही इज इक्वल टू एनआरटी’ असं एका सुरात उत्तर येतं. पी म्हणजे दाब, व्ही म्हणजे आकारमान, एन म्हणजे मोलची संख्या, आर हा स्थिरांक, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान. सगळं तोंडपाठ. पंपावरच्या प्रश्नाचं उत्तर याच पाच अक्षरांत दडलेलं आहे, हे मात्र त्या मुलांना कुणी दाखवलेलं नसतं.

एक लिटर पेट्रोल म्हटलं की त्यात माल किती, हे जवळपास ठरलेलं असतं. वायूचं तसं नाही. दाब किती आणि तापमान किती, हे सांगितल्याशिवाय एक लिटर वायूत किती रेणू आहेत, हे ठरतच नाही. गाडीच्या टाकीचं आकारमान रिकामी असताना जेवढं, भरल्यावरही तेवढंच. वाढते ती आतल्या रेणूंची संख्या आणि त्यांच्याबरोबर दाब. इंजिनात जळणार आहेत ते रेणू. म्हणून पंपावरचं मीटर नळीतून गेलेल्या गॅसचं वस्तुमान मोजतं आणि पैसे वस्तुमानाचे घेतले जातात.

टॅक्सीवाल्यांची एक नेहमीची तक्रार असते. पंपावर काटा २०० बारला टेकला होता, तासाभरानं गाडी जागेवरून न हलवताही तो खाली आलेला दिसतो. गॅस गळतोय की पंपावर फसवणूक झाली? यातलं काहीच झालेलं नसण्याची शक्यता मोठी असते. टाकी झपाट्यानं भरताना आतला वायू दाबला जाऊन तापतो. समजा तो ५० अंश सेल्सिअसला पोहोचला आणि नंतर ३० अंशांपर्यंत निवला. टाकी तीच, रेणू तेवढेच, म्हणजे दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरणार: २०० गुणिले ३०३ भागिले ३२३, म्हणजे १८८ बारच्या आसपास. खरा मिथेन याहून थोडा जास्तच उतरतो. घाईत २७३ मिळवायला विसरलेला विद्यार्थी हेच गणित ५० आणि ३० घेऊन करतो आणि १२० बार असं उत्तर काढतो. पेपरात त्याचा एक गुण जातो, बस. पंपावर हाच हिशेब कुणी मांडला, तर टाकीतला जवळजवळ निम्मा गॅस चोरीला गेला म्हणून भांडण उभं राहील. केल्विनचा आग्रह कशासाठी, हे मुलांना समजावून सांगायला यापेक्षा सोपी जागा मुंबईत शोधून सापडायची नाही.

या समीकरणाची शाळेतली अवस्था काळजी वाटावी अशी आहे. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात ते अकरावीच्या भौतिकशास्त्रात पदार्थाच्या औष्णिक गुणधर्मांबरोबर येतं, अकरावीच्याच रसायनशास्त्रात द्रव्याच्या अवस्था शिकवताना पुन्हा येतं आणि बारावीला भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या प्रकरणात, वायूंच्या गतिज सिद्धांतात, तिसऱ्यांदा येतं. तीन वेळा गाठ पडूनही ओळख होत नाही. भौतिकशास्त्राचे सर आर ८.३१४ सांगतात, रसायनशास्त्राच्या मॅडम ०.०८२१ सांगतात. दोन्ही बरोबर, कारण पहिल्यात एकक जूलचं आणि दुसऱ्यात लिटर-वातावरणाचं. पण मुलांच्या डोक्यात दोन वेगळे आर बसतात आणि कुठल्या विषयाच्या पेपरात कुठला वापरायचा, हे ती लक्षात ठेवतात. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. तेवढ्या वेळात आकडे सूत्रात घालता येतात. सूत्र इथं लागू पडतं का, हा विचार करायला सवड राहत नाही, आणि ज्याला सवड नाही त्याची सवयही लागत नाही.

यात शिक्षकांचा दोष काढणं अन्यायाचं होईल. बारावीच्या पुस्तकात सोळा प्रकरणं आहेत, आणि क्लासमध्ये ती आधीच उरकलेली पोरं वर्गात बसलेली असतात. दोष आहे तो क्रमाचा. वायूशी हात लागण्याआधी सूत्र हाती येतं. इतिहासात हे नेमकं उलट घडलं. रॉबर्ट बॉईलनं १६६२ मध्ये दाब आणि आकारमानाचं नातं प्रसिद्ध केलं, ते पाऱ्यानं भरलेल्या वाकड्या काचनळीतल्या मोजमापांवरून. तापमानाचा भाग चार्ल्स आणि गे-लुसाक यांच्या कामातून १८०२ पर्यंत पुढे आला, रेणूंच्या संख्येचा भाग आव्होगाड्रोनं १८११ मध्ये सुचवला, आणि हे धागे क्लेपेरॉननं १८३४ मध्ये एकत्र विणले. पावणेदोनशे वर्षांची मोजमापं आधी, सूत्र नंतर.

पण सूत्र जुळलं तरी वायू असा का वागतो, याचं उत्तर त्यात नव्हतं. ते उत्तर ज्यांनी फार लवकर आणि फार नेमकं दिलं, त्यांच्यातला एक माणूस मुंबईत राहत होता. मुंबईच्या वर्गांत त्याचं नाव क्वचितच ऐकू येतं, ही गोष्ट मनाला लागते.

जॉन जेम्स वॉटरस्टन मूळचे एडिंबरोचे, जन्म १८११. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल छात्रांना शिकवण्याची नोकरी पत्करून १८३९ मध्ये ते मुंबईत आले आणि १८५७ पर्यंत इथं राहिले. तरुण खलाशांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आपलं वाचन-लेखन करायचं, असा त्यांचा क्रम. या अभ्यासासाठी त्यांना ग्रँट कॉलेजचं ग्रंथालय उपयोगी पडलं. आज जे. जे. रुग्णालयाच्या आवारात, माझगावला लागूनच, जे ग्रँट मेडिकल कॉलेज उभं आहे तेच हे कॉलेज, १८४५ मध्ये सुरू झालेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस वॉटरस्टननी एक लांबलचक निबंध मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला.

निबंधातली कल्पना अशी. वायू म्हणजे मोकळे फिरणारे, एकमेकांवर आणि भिंतींवर आपटून तितक्याच जोरात परतणारे असंख्य रेणू. भिंतीवर जाणवणारा दाब म्हणजे या आपटण्यांची बेरीज. जागा निम्मी केली की प्रत्येक रेणू भिंतीपर्यंत दुप्पट वेळा पोहोचतो, दाब दुप्पट होतो; हाच बॉईलचा नियम. वेग वाढला की दोन गोष्टी घडतात: धडकाही वाढतात आणि प्रत्येक धडक अधिक जोराची होते. म्हणून दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तापमान म्हणजे रेणूच्या वस्तुमानाला वेगाच्या वर्गानं गुणून येणाऱ्या राशीचं माप. दोन वायूंचं तापमान सारखं असेल, तर हलक्याचे रेणू वेगानं पळतात आणि जडाचे सावकाश, पण हा गुणाकार दोन्हीकडे सारखाच. आजच्या आकड्यांत सांगायचं तर २७ अंश सेल्सिअसला हायड्रोजनचे रेणू (वेगवर्गाच्या सरासरीचं वर्गमूळ घेतलं, तर) सेकंदाला सुमारे १,९०० मीटरच्या वेगानं धावतात, नायट्रोजनचे ५१७ मीटरच्या. दोघांचा दाबातला वाटा मात्र रेणूमागे सारखाच पडतो. म्हणूनच पीव्ही = एनआरटी या समीकरणात वायूचं नावच येत नाही. किती रेणू, एवढंच ते विचारतं. कुणाचे, हे विचारत नाही. मुलांना हे एकदा दिसलं की एन या अक्षराला अर्थ येतो.

रॉयल सोसायटीच्या एका परीक्षकानं निबंध निव्वळ अर्थहीन ठरवला आणि सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही, अशा अर्थाचा शेरा मारला. निबंधाचा छोटासा सारांश १८४६ मध्ये छापला गेला, मूळ हस्तलिखित दप्तरात पडून राहिलं. वॉटरस्टननी स्वतःकडे नक्कल ठेवलेली नव्हती. पुढे क्रोनिग, क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनी १८५६ ते १८६० या काळात हाच विचार स्वतंत्रपणे मांडला आणि जगानं तो स्वीकारला. १८८३ मध्ये एका संध्याकाळी वॉटरस्टन एडिंबरोतल्या घरातून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. लॉर्ड रॅले यांनी जुनी दप्तरं चाळताना ते हस्तलिखित शोधून काढलं आणि १८९२ मध्ये आपल्या प्रस्तावनेसह छापलं, तोवर लिहून सत्तेचाळीस वर्षं उलटली होती.

बारावीतला विद्यार्थी दाबाचं जे सूत्र सिद्ध करतो, ‘घनता गुणिले वेगवर्गाची सरासरी भागिले तीन’, त्यामागचा हा सगळा विचार या शहरात झाला होता. ही कहाणी पुस्तकात एका चौकटीत आली, तर ती नुसती माहिती ठरणार नाही. तीन-चार मार्कांची सिद्धता पाठ करणाऱ्या मुलाला कळेल की कुणीतरी एका खोलीत बसून हवेकडे पाहत, ती अशी का वागते, हा प्रश्न स्वतःला विचारला होता, आणि तो प्रश्न इतका नवा होता की त्या काळच्या जाणकारांनाही पटला नाही.

माझगावात या समीकरणाचा दुसरा धडा डॉकच्या भिंतीपलीकडे आहे. माझगाव डॉकचा इतिहास १७७४ मध्ये बांधलेल्या एका छोट्या सुक्या गोदीपर्यंत मागे जातो. १९६० मध्ये सरकारनं हा कारखाना ताब्यात घेतला. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, आयएनएस शल्की, इथलीच. ती १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली. कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्याही इथंच बांधल्या गेल्या. पहिली, आयएनएस कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली आणि सहावी, आयएनएस वाघशीर, जानेवारी २०२५ मध्ये.

पाणबुडी बुडते ती बॅलास्ट टाक्यांत पाणी घेऊन आणि वर येते ती ते पाणी दाबाखालच्या हवेनं बाहेर ढकलून. ही हवा दोनशे-अडीचशे बार दाबानं पोलादी बाटल्यांत साठवलेली असते. समजा एका बाटलीचं आकारमान एक घनमीटर आहे आणि दाब २५० बार. समुद्राच्या पृष्ठभागाशी तिच्यातून जवळजवळ अडीचशे घनमीटर हवा मिळेल. दोनशे मीटर खोलीवर काय? पाण्याचा दाब दर दहा मीटरला साधारण एक बार वाढतो. वर वातावरणाचा एक धरून तिथं २१ बार. अडीचशे भागिले एकवीस, म्हणजे बारापेक्षा थोडे कमी. बाटलीत उरणारी हवा वजा केली, तर हाती अकराच्या आसपास घनमीटर. तीच बाटली, तेवढीच हवा, पण जितकं खोल जावं तितकी ती कमी पाणी हटवते. बॉईलचा नियम माणसांच्या जिवाशी कसा जोडलेला असतो, हे एवढ्या भागाकारातून उमजतं.

आणि इथंच खरा प्रश्न उभा राहतो. हा भागाकार करताना तापमान स्थिर धरलं. ते खरोखर स्थिर राहतं का? बाटलीतली हवा झपाट्यानं सोडली, तर पसरताना ती गार होते आणि हिशेबात धरलेल्यापेक्षा कमी जागा व्यापते. त्याहून मोठा धोका हवेतल्या बाष्पाचा. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची थ्रेशर ही अणुपाणबुडी अटलांटिकमध्ये १२९ जणांसह बुडाली. चौकशीच्या काळात तशाच दुसऱ्या पाणबुडीवर धक्क्याला चाचणी घेतली, तेव्हा उच्च दाबाची हवा सोडताना वाहिनीतल्या गाळण्यांवर बर्फ धरून हवेचा मार्ग बंद होतो, असं आढळलं. शेवटच्या क्षणी टाक्या रिकाम्या न होण्यामागे हे एक कारण असावं, असं मानलं गेलं. सूत्रातला टी न बदलणारा धरायचा की बदलणारा, हा निर्णय गणित सुरू करण्याआधी घ्यायचा असतो. वायूच्या प्रत्येक उदाहरणात पहिला प्रश्न हाच हवा: यात काय बदलत नाही? टाकीत आकारमान बदलत नाही. सावकाश दाबलेल्या सिरिंजमध्ये तापमान बदलत नाही. खाली तोंड उघडं असलेल्या गरम हवेच्या फुग्यात दाब जवळपास बदलत नाही. हे आधी ओळखलं की समीकरण आपोआप सुटं होतं. ज्याला ओळखता येत नाही, तो पाच अक्षरांपैकी कुठली काटायची याचा अंदाज बांधत बसतो.

‘आदर्श’ या विशेषणाकडेही वर्गात दुर्लक्ष होतं. आदर्श वायूच्या रेणूंना स्वतःचं आकारमान नाही आणि एकमेकांची ओढ नाही, असं वाक्य पाठ करून घेतलं जातं. या दोन गोष्टी सोडून दिल्यानं किती फरक पडतो, हे आकड्यांतच दाखवायला हवं. गाडीच्या ६० लिटरच्या टाकीत २०० बार दाबानं आणि २७ अंशांना शुद्ध मिथेन भरला, तर समीकरणानुसार ४८१ मोल, म्हणजे ७.७ किलो बसायला हवा. प्रत्यक्षात नऊ किलोच्या वर बसतो, कारण त्या दाबाला मिथेनचे रेणू एकमेकांना ओढून धरतात आणि दाटीनं राहतात. पाणबुडीच्या बाटलीतल्या हवेचं उलट. २५० बारला हवेच्या रेणूंनी अडवलेली जागाच जास्त भरते, त्यामुळे हिशेबापेक्षा सहा-सात टक्के कमी हवा मावते. योहानेस व्हान डर वाल्स यांनी १८७३ च्या आपल्या प्रबंधात या दोन दुरुस्त्या समीकरणात आणल्या. त्या कामासाठी १९१० चं नोबेल त्यांना मिळालं. वर्गात मात्र त्यांची ओळख ‘ए आणि बी हे दोन स्थिरांक’ एवढ्यावर आटोपते. सीएनजीची टाकी आणि पाणबुडीची बाटली शेजारी ठेवली, तर ए कुठं जिंकतो आणि बी कुठं, हे पोरांना डोळ्यांपुढे दिसेल.

मग करायचं काय? सुरुवात स्वस्तातल्या एका प्रयोगानं व्हावी. मेडिकलच्या दुकानात मिळणारी वीस मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज घ्यावी, दट्ट्या वीसच्या खुणेवर ठेवून तोंड एम-सीलनं पक्कं बंद करावं आणि ती स्टँडला उभी बांधावी. दट्ट्यावर पुठ्ठा चिकटवून त्यावर एकेक किलोचं वजन ठेवत जावं. रबर घासून अडकतं, म्हणून दर वेळी दट्ट्या थोडा खाली दाबून सोडावा, मग थोडा वर ओढून सोडावा आणि दोन्ही वाचनांची सरासरी घ्यावी. आतला व्यास दोन सेंटिमीटर असेल, तर एक किलोला आकारमान साधारण १५ पर्यंत येतं, दोन किलोला बारा-साडेबारा, तीनला दहाच्या थोडं वर. मुलं वजन आणि आकारमान यांचा गुणाकार करून पाहतात: १५, २५, ३१. काही जुळत नाही. नियम खोटा ठरला की काय, अशी कुजबुज सुरू होते. मग शिक्षकानं विचारावं, पहिलं वजन ठेवण्याआधी दट्ट्यावर काय होतं? वर्गात कुणाच्या तरी लक्षात येतं: वरची हवा. त्या दट्ट्याच्या तेवढ्याशा वर्तुळावर वातावरण सव्वातीन किलोच्या भारानं दाबत असतं. प्रत्येक वजनात सव्वातीन मिळवले की सगळे गुणाकार पासष्टच्या आसपास येऊन थांबतात.

एका तासात होणारा हा प्रयोग आहे. मापकावर दिसणारा दाब आणि निरपेक्ष दाब यांतला फरक यानंतर वेगळा शिकवावा लागत नाही. टायरमध्ये ३२ पीएसआय दाखवणारा काटा म्हणजे आत ४६.७ पीएसआय, हे मुलं स्वतःहून सांगतात.

या तासाला वेळ कुठून आणायचा, अशी हरकत घेतली जाईल आणि ती रास्त आहे. वेळ तीनदा शिकवण्यातूनच मिळेल. अकरावीला भौतिक आणि रसायन या दोन विषयांनी हे समीकरण वाटून घ्यावं: प्रयोग आणि निरपेक्ष तापमान भौतिकशास्त्राकडे, मोल आणि खऱ्या वायूचे फरक रसायनशास्त्राकडे, आणि आर दोन्हीकडे एकच, ८.३१४. बारावीत मग सूत्राची उजळणी नको, थेट वॉटरस्टनच्या रेणूंपासून सुरुवात करता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत. अकरावी-बारावीची पाळी येईल तेव्हा बालभारतीला ही वाटणी सहज करता येण्यासारखी आहे.

पुस्तक बदललं तरी वर्ग परीक्षेच्या मागेच जातो, म्हणून मंडळाच्या पेपरात दरवर्षी असा एक तरी प्रश्न यायला हवा: ‘६० लिटरच्या टाकीत ५० अंशांना २०० बार दाबानं सीएनजी भरला. टाकी ३० अंशांपर्यंत निवली. काट्यावरचा दाब उतरल्यामुळे चालकाला गॅस कमी भरल्याची शंका आली. या बदलात कोणत्या राशी स्थिर राहिल्या ते सांगा, नवा दाब काढा, आणि खरा आकडा तुमच्या उत्तरापेक्षा कमी का असेल ते लिहा.’ चार गुणांपैकी आकडेमोडीला एक, आणि काय स्थिर राहिलं व उत्तर कुठं कमी पडतं, या लेखी स्पष्टीकरणाला तीन.